बालगंधर्व : रंगभूमीपासून तबकडीपर्यंत

आपल्या खारदांड्यात लग्नघरी लाऊडस्पीकर लावण्याची रीत होती. हळदीच्या दिवशी पहाटे प्रथम अभंग व नाट्यपदे लागत आणि ऊन वर आले की कोळीगीतांना प्रारंभ होई. प्रस्तुत लेखकाने शाळकरी वयात अशाच एका पहाटे बालगंधर्वांचे पद प्रथम ऐकले. आवाज पुरुषाचा, पण मनोगत मात्र स्त्रीचे, हे कोडे उलगडेना. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांस विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, गाणारे पुरुषच आहेत. परंतु या घटकेस ते रुक्मिणी झाले आहेत. या उत्तराचा अर्थ कळावयास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. निवडक पदांच्या तबकडीने बालगंधर्वांचा गळा घरोघरी पोहोचविला. परंतु त्या गळ्यामागील नट आणि त्याचे जीवन आपल्या तरुण मंडळींस फारसे परिचित नाही. ते येथे संक्षेपाने सादर करीत आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांस बालगंधर्व म्हणून गौरविले, आणि ते नाव मूळ नावाहून मोठे झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कृपादृष्टी त्यांस लाभली आणि १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांचा प्रवेश झाला. त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच करावयाच्या असत. शकुंतलेच्या वेषात नारायणराव उभे राहिले आणि प्रेक्षकांनी त्यांस कायमचे आपले मानले. संगीताचे मोठे शिक्षण त्यांस भास्करबुवा बखले यांच्यापाशी मिळाले.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग पुढे ढकलावा असे इतरांस वाटणे स्वाभाविक होते. परंतु जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी तो होऊ दिला व भामिनीची भूमिका केली. या निष्ठेचे कौतुक आजवर अनेकांनी केले आहे. परंतु संसारी माणसाने क्षणभर त्या घराचाही विचार करावा. रंगभूमीने त्यांस जे दिले, त्याची किंमत त्यांच्या घरानेही मोजली आहे.

१९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकात ते रुक्मिणी झाले. १९१९ साली राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, तेव्हा नाटककार नुकतेच निवर्तले होते. भरजरी शालूंत वावरणाऱ्या या नटाने दारुड्याची पत्नी सिंधू हिच्यासाठी फाटके लुगडे नेसले. भामिनीचा मानी सूर, रुक्मिणीचा उत्कंठित सूर आणि सिंधूचा सोशिक सूर हे एकाच गळ्यातून येत. पण तिघींचे दुःख व आनंद निरनिराळे असत. त्यांचे गाणे हा अभिनयाचाच भाग होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसले यांचा. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक राष्ट्रकार्यासाठी एका रंगमंचावर आले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत केशवरावांचे निधन झाले.

व्यवहारात मात्र नारायणराव कच्चे होते. अत्तर, शालू, देखावे, साथीदार यांत त्यांस उणे चालत नसे. तबल्यास अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीस कादरबक्ष यांसारखे वादक त्यांनी पदरी बाळगले. भागीदार एकेक करून दूर झाले व कर्जाचा डोंगर वाढला. ते कर्ज त्यांनी नाटकांचे प्रयोग करूनच फेडले. त्यांची उधळपट्टी अनुकरणीय नाही. परंतु घेतलेले ऋण आपल्या कष्टाने फेडण्याचा बाणा निश्चित अनुकरणीय आहे.

जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. नाटकगृहात तेच पद 'वन्समोअर'च्या गजरात कितीतरी लांबत असे आणि प्रयोग संपता संपता पहाट होई. म्हणजे तबकडीवर उरले ते केवळ ओंजळभर. पुढे लाँगप्ले तबकड्या निघाल्या व अनेक नाटकांतील पदे एकत्र ऐकण्याची सोय झाली. परंतु भामिनीमागोमाग सिंधू येते, हे न कळल्यास ऐकणाऱ्यास केवळ गोड गळाच ऐकू येतो.

१९३५ साली 'धर्मात्मा' या प्रभात कंपनीच्या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. बोलपटांच्या लाटेपुढे नाटक मंडळ्या खचत होत्या. वयही उतरणीस लागले. गायिका गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी जुळलेल्या संबंधामुळे अनेक चाहते दुरावले. परंतु वृद्धापकाळी त्यांची सेवा गोहरबाईंनीच केली. पायांचे बळ गेल्यावर उभे राहून भूमिका करणे संपले. शालू गेला, रंगमंच गेला. उरले बैठकीतील भजन. अशा रीतीने आयुष्यभराचा नट अखेरीस केवळ गायक झाला.

१९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक व १९६४ साली पद्मभूषण हा किताब त्यांस मिळाला. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. १९६२ साली ज्या नाट्यगृहाची कोनशिला त्यांनी स्वहस्ते बसविली होती, ते बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, खुले झाले. ते पाहण्यास ते राहिले नव्हते.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आज तीच पदे तुमच्या मुलांच्या मोबाईलवर विनासायास मिळतात. ती ऐकविताना एवढेच सांगावे की, ही भामिनी, ही रुक्मिणी, ही सिंधू. आणि आणखी एक. आपल्या वस्तीतही गाणारे, वाजविणारे, सोंगे वठविणारे वृद्ध कलावंत आहेत. त्यांची आठवण त्यांच्या माघारी काढण्यापेक्षा, ते हयात असतानाच त्यांच्या दारी जाऊन विचारपूस करावी. बालगंधर्वांच्या चरित्रापासून आपण घ्यावयाचा खरा बोध हाच होय.