इल्या मेचनिकॉव्ह

इल्या इल्यिच मेचनिकॉव्ह (मे १८४५ – जुलै १९१६) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ आणि प्रतिरक्षाशास्त्राचे एक प्रवर्तक होते. रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षकपेशींवरील संशोधनासाठी त्यांना १९०८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासह विभागून मिळाले. आतड्यातील जिवाणूंचा माणसाच्या आरोग्याशी असलेला संबंध त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात मांडला.

जीवन

त्यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. खारकीव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांतच पूर्ण केला. जर्मनी व इटलीत सागरी प्राण्यांच्या भ्रूणांचा अभ्यास केल्यानंतर १८७० मध्ये ते ओडेसा येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांची पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी क्षीण झाली होती की, १८६९ मध्ये विवाहासाठी तिला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये मदिरा बेटावर तिचे निधन झाले. त्या दुःखात मेचनिकॉव्ह यांनी अफूचे अतिसेवन करून जीव देण्याचा प्रयत्न केला. मात्रा जास्त झाल्याने उलटी झाली आणि ते वाचले. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा यांच्याशी विवाह केला. पुढे ओल्गा यांनीच त्यांचे चरित्र लिहिले. १८८१ मध्ये त्यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्या जीवघेण्या आजारातूनही ते बचावले.

भक्षकपेशींचा शोध

झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर विद्यापीठातील वातावरण कलुषित झाले. १८८२ मध्ये राजीनामा देऊन मेचनिकॉव्ह सिसिलीतील मेसिना येथे गेले. कुटुंबीय सर्कस पाहण्यास गेले असताना ते घरी सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक डिंभाचे निरीक्षण करीत होते. बाहेरून आलेल्या पदार्थाला शरीरातील फिरत्या पेशी घेरत असाव्यात, असे त्यांना वाटले. त्यांनी बागेतून काटे आणून डिंभांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला दिसला. दाह म्हणजे केवळ विकृती नसून ते शरीराचे संरक्षणकार्य आहे, हा विचार येथून पुढे आला. त्या काळी तो सहज स्वीकारला जाण्यासारखा नव्हता. प्रतिकारशक्ती रक्तद्रवातील द्रव्यांत असते, असे मानणाऱ्या जर्मन संशोधकांशी त्यांचा वाद अनेक वर्षे चालला. नोबेल समितीने दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना एकत्र गौरवले, आणि ते योग्यच झाले. आज दोन्ही यंत्रणा एकमेकींना पूरक मानल्या जातात.

१८८८ पासून अखेरपर्यंत ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. ओडेसा येथील त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हेही तेथे आले. याच हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आतडे आणि जिवाणू

१८९२ च्या साथीत मेचनिकॉव्ह यांनी पटकीच्या जंतूंचे संवर्ध स्वतः प्राशन केले. त्यांना काहीही झाले नाही; मात्र तोच प्रयोग करणारा एक स्वयंसेवक मरणाच्या दारी पोहोचला. एकाला रोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचे कारण आतड्यातील इतर जिवाणूंत असावे, असा तर्क त्यांनी केला. मोठ्या आतड्यातील कुजण्याच्या क्रियेने शरीरात विष भिनते व वार्धक्य लवकर येते, असे त्यांचे मत झाले. त्यावर उपाय म्हणून ते आंबवलेले दूध नियमित घेत व त्याचा पुरस्कार करीत. आयुर्मर्यादेविषयीचे त्यांचे दावे पुराव्याच्या पुढे धावले होते. मोठे आतडे निरुपयोगी असल्याचे त्यांचे मत तर चुकीचेच ठरले. या कल्पनांच्या प्रभावकाळात काही शल्यचिकित्सकांनी रोग्यांची मोठी आतडी काढून टाकली, हे विसरता येत नाही.

मूळ प्रश्न मात्र टिकून राहिला. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या आतड्यातील जिवाणूच्या आवरणात 'पॉलिसॅकराइड ए' ही बहुशर्करा असते. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमधील असंतुलित टी-पेशी या बहुशर्करेने पूर्ववत होतात, असे २००५ मध्ये दिसून आले. तिच्या प्रभावाने टी-पेशी दाहशामक इंटरल्युकिन-१० निर्माण करतात व उंदरांचा आंत्रदाह रोखला जातो, हे २००८ मध्ये दाखवण्यात आले. याउलट काही जिवाणूंच्या बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइड रक्तात शिरल्यास तीव्र दाह उद्भवतो. सर्व जिवाणुजन्य शर्करांचा परिणाम सारखा नसतो, आणि उंदरांवरील हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

मेचनिकॉव्ह यांचे निधन पॅरिस येथे हृदयविकाराने झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.