गळा हरवलेल्या गवयाची विद्या

शिकविण्याचा व्यवसाय पत्करला की माणसातील निर्मितीचा झरा हळूहळू आटत जातो, अशी एक समजूत आपल्याकडे पूर्वापार रूढ आहे. वर्षानुवर्षे तेच धडे, त्याच चुका आणि त्याच दुरुस्त्या यांत गुंतलेल्या शिक्षकाला स्वतःचे असे काही नवे सुचणार तरी कधी, असा प्रश्न विचारला जातो. खेदाची गोष्ट ही की, अनेक शिक्षकांनीही तो निमूटपणे मान्य केलेला असतो. संगीताच्या क्षेत्रात तर हा समज अधिकच कठोर रूप धारण करतो. ज्याला मैफल साधली नाही तो शिकवण्या करतो, असे तेथे सर्रास मानले जाते. या समजुतीची सत्यता पारखून पाहावयाची असेल तर गानसम्राट अल्लादिया खाँ यांच्या चरित्राकडे वळावे. मैफल आणि तालीम या दोहोंतही त्यांनी शिखर गाठले. परंतु त्या शिखराकडे जाणारी वाट एका मोठ्या आपत्तीतून गेली होती.

अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा या लहानशा गावी झाला. घराणे धृपदियांचे. वडील लवकर निवर्तले आणि शिक्षणाचा भार चुलते जहांगीर खाँ यांनी उचलला. प्रथम धृपद आणि मग ख्याल अशी वर्षानुवर्षांची कठोर तालीम त्यांना मिळाली. आवाज गोड, तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा. अशा गळ्याच्या जोरावर हा तरुण गवई संस्थानांच्या दरबारांतून हिंडू लागला आणि नाव मिळवू लागला. माळव्यातील आमलेटा येथील मुक्कामात मात्र घात झाला. तेथील अधिपतींच्या हौसेखातर दिवसामागून दिवस अतोनात गावे लागले आणि त्या ताणाने गळा बसला. गवयाचे सर्वस्व म्हणजे त्याचा आवाज. तोच ऐन उमेदीत गेला.

पुढे आवाज परत आला, पण पूर्वीचा आला नाही. त्यातील गोडवा व चपळाई ओसरून त्याला एक जाडपणा आला होता. अशा वेळी सामान्य माणसापुढे दोनच मार्ग उरतात. गेलेल्या आवाजाची नक्कल करीत उरलेले आयुष्य काढावे, नाही तर तंबोरा खुंटीला टांगावा. खाँसाहेबांनी तिसरा मार्ग शोधला. गळ्याला जे आता जमत नाही त्याचा हट्ट त्यांनी सोडला आणि बुद्धीला जे साधेल त्याची बांधणी आरंभिली. जयपूरच्या मुबारक अली खाँ यांच्या पेचदार तानक्रियेचा संस्कार मनात होता, धृपदाची शिस्त रक्तात होती. त्या दोहोंतून एक नवी गायकी आकारास आली. मोकळा आकार, संथ पण न रेंगाळणारी लय, मात्रेच्या पोटातील अर्ध्या-पाव मात्रेलाही स्वरांनी बांधून घेणे, सरळ वाटेने न जाता वळणे घेत समेवर अलगद उतरणारी तान, ही तिची लक्षणे होत. आज जिला आपण जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून ओळखतो तिचा जन्म असा एका दुखावलेल्या कंठातून झाला.

या घटनेचा शिक्षणाशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. निसर्गदत्त गळ्याचा गवई कसा गातो हे पुष्कळदा त्याचे त्यालाही सांगता येत नाही. ज्याला आपले गाणे पायापासून पुन्हा उभारावे लागले, त्याला त्यातील प्रत्येक दगड कोठे व कशासाठी बसविला आहे हे ठाऊक असते. खाँसाहेबांची विद्या शिकविता येण्याजोगी झाली ती या पुनर्बांधणीमुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८९५च्या सुमारास कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारगायक म्हणून आश्रय दिला आणि महाराष्ट्र ही त्यांची कर्मभूमी झाली. भास्करबुवा बखले यांच्यासारखा, अन्य थोर उस्तादांची विद्या आधीच पचविलेला गवई त्यांच्याकडे शिकावयास आला. तयार कलावंताला शिकविणे हे नवशिक्याला शिकविण्यापेक्षा अवघड, कारण तेथे आधीच्या संस्कारांना धक्का न लावता नव्याला जागा करून द्यावी लागते. भास्करबुवांच्या पुढील गाण्यात सर्व गुरूंच्या विद्येचा जो मेळ दिसून आला, त्याचे श्रेय शिष्याच्या ग्रहणशक्तीला जितके, तितकेच गुरूच्या उमदेपणालाही द्यावे लागेल.

१९२२ साली शाहू महाराज निवर्तले. त्या सुमारास खाँसाहेबांनी मुंबईत बस्तान हलविले. वय सदुसष्ट. या वयात इतर माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात. खाँसाहेबांच्या अध्यापनाचे सर्वांत फलदायी पर्व मात्र याच सुमारास सुरू झाले होते. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर १९२१ साली त्यांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. केसरबाईंनी त्यापूर्वी अनेक गुरूंकडे थोडेथोडे शिक्षण घेतले होते. परंतु खाँसाहेबांनी पाटी पुसून आरंभ केला. प्रथम आवाज घडविला, आकार मोकळा केला आणि मगच रागाची दारे उघडली. एकेक पलटा दिवसचे दिवस, रोज कित्येक तास घोटून घेतला जाई. या तालमीतून जो भरदार, अखंड स्वर बाहेर पडला त्याने पुढे सारा देश भारावला. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंची भैरवी समाविष्ट झाली.

मोगूबाई कुर्डीकरांची कथा याहून वेगळी आणि हृदयाला भिडणारी आहे. नाटक कंपनीतून बाहेर पडलेली ही पोरकी मुलगी सांगलीत राहत होती. औषधोपचारासाठी तेथे आलेल्या खाँसाहेबांच्या कानी तिचा रियाज पडला आणि ते आपण होऊन तिला शिकवू लागले. समोर बसलेला हा वृद्ध गृहस्थ कोण, हे प्रारंभी त्या मुलीला ठाऊकही नव्हते. कीर्तीच्या शिखरावरील उस्तादाने एका अनोळखी मुलीपुढे तंबोरा घेऊन बसावे, यात द्रव्याचा किंवा मानाचा कोणता लोभ असणार? चांगला कच्चा माल दिसताच कारागिराचे हात शिवशिवावेत, तशीच ती ओढ होती.

हे चित्र सर्वस्वी निर्मळ होते असे मात्र नाही. मोगूबाई गुरूंच्या मागोमाग मुंबईला आल्या. परंतु धनिक आश्रयदात्यांच्या अटींमुळे त्यांची तालीम खंडित झाली. मधली काही वर्षे त्यांनी अन्य उस्तादांकडे व खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे काढली आणि १९३४ साली त्या पुन्हा अल्लादिया खाँ यांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. विद्या ही खाजगी मालमत्ता मानली जाण्याच्या त्या काळाने थोर गुरूलाही बांधून टाकले होते. पोटासाठी शिकविणाऱ्याला देणाऱ्याच्या अटी पाळाव्या लागतात, हा अनुभव आजच्या शिक्षकालाही अपरिचित नसावा. तरीही याच व्यवस्थेत, समाजाने दूर ठेवलेल्या कलावंत घरांतील स्त्रियांना खाँसाहेबांनी हात न राखता अवघड ख्यालगायकीची विद्या दिली, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

शिकविण्याने त्यांची निर्मिती आटली काय? परंपरेने केवळ नावापुरते उरलेले अनवट राग त्यांनी पुन्हा प्रचारात आणले आणि स्वतःच्या प्रतिभेने काहींना नवे रूप दिले. बिहागडा, खट, बसंती केदार, संपूर्ण मालकंस यांसारखे राग आज मैफलीत ऐकू येतात, त्यात त्यांच्या तालमीचा वाटा फार मोठा आहे. शिष्यापुढे रोज तोच राग मांडताना त्याची नवी बाजू दिसली पाहिजे, हे बंधन शिष्याइतकेच गुरूलाही जागे ठेवीत असले पाहिजे.

त्यांचे पुत्र मंजी खाँ यांना वडिलांच्या विद्येबरोबरच रहिमत खाँ यांच्या भावपूर्ण गाण्याची ओढ होती आणि त्यांनी आपली निराळी वाट काढली. १९३७ साली मंजी खाँ अकाली गेले. ऐंशी उलटलेल्या पित्याला हा आघात सोसावा लागला. परंतु विद्येचा प्रवाह थांबला नाही. मंजी खाँचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांना धाकटे पुत्र भूर्जी खाँ यांनी पुढील तालीम दिली आणि मोगूबाईंकडून ती गायकी त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्यापर्यंत पोचली. एकाच झाडाची ही फळे. पण केसरबाई, मोगूबाई आणि मन्सूर यांपैकी कोणाचेही गाणे दुसऱ्याची प्रतिकृती नव्हते.

१६ मार्च १९४६ रोजी अल्लादिया खाँ यांनी मुंबईत देह ठेवला. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिलेली नाही. तरीही ते कसे गात असतील याचा अंदाज आपण बांधू शकतो, तो केवळ त्यांनी शिकविले म्हणून. आपल्या हातून आता काही नवे होणार नाही, असे मानून वर्गाकडे जड पावलांनी वळणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानी घ्यावे. जे गमावले त्याचा शोक आवरून, जे उरले त्याची नीट बांधणी करणाऱ्याला शिष्याच्या रूपाने दुसरा कंठ लाभतो. खाँसाहेबांचा पहिला कंठ आमलेट्यात हरपला. दुसरा आजही गातो आहे.