पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. पण पाळण्याकडे वळून पाहतो ते बहुधा त्या मुलाने कीर्ती मिळविल्यानंतरच. चार्ल्स डार्विनच्या पाळण्यात काय दिसले असते?

१८०९ साली इंग्लंडमधील श्रूजबरी येथे एका सधन डॉक्टरांच्या घरी जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी आईला पारखा झाला. शिंपले, खडे, नाणी जमवावीत, एकट्यानेच भटकावे आणि बेधडक थापा माराव्यात, हा त्याचा क्रम. वडिलांच्या बागेतील फळे स्वतःच तोडून झुडपात लपवायची आणि धापा टाकीत येऊन चोरीचा माल सापडल्याची वर्दी द्यायची! रंगीत पाणी घालून आपण हव्या त्या रंगाची फुले फुलवितो, अशी बढाईही त्याने एका सोबत्याजवळ मारली होती. सजीवांत विविधता कशी येते, हा त्याचा पुढील आयुष्याचा प्रश्न या थापेत डोकावतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण अशाच थापा मारणारी किती मुले पुढे काहीच झाली नाहीत, याची नोंद कोणी ठेवलेली नसते.

शाळेत ग्रीक-लॅटिनपुढे त्याचे काही चालले नाही. थोरल्या भावाबरोबर बागेतील खोपटात रसायनांचे प्रयोग केले, तर मुख्याध्यापकांनी चारचौघांत कानउघाडणी केली. शिकार, कुत्री आणि उंदीर यांपलीकडे याला काही सुचत नाही, हा घराण्याला बट्टा लावणार, असे वडिलांना वाटे. वैद्यकासाठी एडिनबरोला धाडले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया पाहून तो पळाला. धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला घातले. तेथे तो भुंगेरे जमवीत हिंडला. एकदा दोन्ही मुठींत दोन भुंगेरे असताना तिसरा दिसला, म्हणून एक त्याने तोंडातच टाकला!

हा जमविण्याचा नाद सुटला नाही, थापा मात्र सुटल्या. खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकल जातीच्या जीवांवर त्याने आठ वर्षे खर्ची घातली. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट आढळताच ती तो लगेच टिपून ठेवी, कारण अशाच गोष्टी मन चटकन विसरते. १८३८ मध्ये सुचलेला सिद्धान्त ग्रंथरूपाने आला तो १८५९ मध्ये. बालपणीच्या थापाड्याचे हे रूप कोणत्या ज्योतिषाने वर्तविले असते?

केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो त्याला बरोबर घेऊन हिंडत. परीक्षेच्या निकालात न दिसणारे काही त्यांना दिसले, आणि ‘बीगल’ जहाजावर जाण्यासाठी त्यांनीच त्याचे नाव सुचविले. वडिलांनी प्रथम साफ नकार दिला. मामा जोसाया वेजवुड यांनी रदबदली केली, तेव्हा कुठे होकार मिळाला. १८३१ च्या डिसेंबरात जहाज निघाले. जवळजवळ पाच वर्षांच्या त्या सफरीत मुलाचा खर्च सोसला तो त्याच वडिलांनी.