डेक्स्ट्रान, डीएनए आणि हॉलंडचे रागीट प्राध्यापक बायेरिंक

चलथाण (जि. सुरत), प्रतिनिधी : तोडलेला ऊस यार्डात दोन-तीन दिवस पडून राहिला की रस चिकट होतो, हे इथल्या साखर कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखरेचं डेक्स्ट्रान करून टाकतात. मग गाळणी तुंबते, साखरेचा दाणा लांबट पडतो. हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून घेतलं, तर डीएनए वेगळा काढायला कामी येतं. या पद्धतीचा माग काढत गेलं की आपण मार्टिनस बायेरिंक यांच्यापाशी पोहोचतो.

16 मार्च 1851 रोजी ॲमस्टरडॅमला त्यांचा जन्म झाला. वडिलांचा तंबाखूचा धंदा होता, तो बुडाला. घरात पैशाची ओढाताण असूनही पोरगा डेल्फ्टला शिकायला गेला. तिथे त्यांचा खोलीतला जोडीदार होता व्हांट हॉफ, पुढे रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळवणारा. बायेरिंक यांना नोबेल कधीच मिळालं नाही.

वाखेनिंगेनच्या शेतकी शाळेत काही वर्षं शिकवल्यावर 1885 मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट आणि स्पिरिटच्या कारखान्यात लागले. म्हणजे हा माणूस आपल्यासारखाच कारखान्याच्या गेटातून आत जाणारा! 1888 मध्ये त्यांनी कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू वेगळे केले. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात, ते हेच. उसाला देतात तो ॲझोटोबॅक्टरही त्यांनीच 1901 मध्ये शोधला. शेतकऱ्यांच्या घरात त्यांचं काम पोहोचलं, नाव मात्र नाही.

1895 मध्ये ते डेल्फ्टला प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी एक विचित्र गोष्ट त्यांच्या नजरेस पडली. जिलेटिन आणि अगर दोन्ही पाण्यात विरघळतात, पण एकत्र केले तर मिसळत नाहीत. तेल आणि पाणी वेगळं राहतं हे आपण रोज बघतो, पण इथे दोन्हीकडे मुख्यतः पाणीच, तरी फारकत! त्यांनी निरीक्षण छापलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

ते दुसरं काम म्हणजे तंबाखूच्या पानांवरचा रोग. वडिलांना बुडवणाऱ्या तंबाखूनेच मुलाला नाव मिळवून दिलं, असं म्हणायला हरकत नाही. रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून काढला, तरी त्यात रोग उरत होता. 1898 मध्ये त्यांनी त्या कारणाला व्हायरस म्हटलं. रशियाच्या इवानोव्स्की यांनी 1892 मध्येच गाळणीचा हा प्रयोग केला होता. ते कळल्यावर बायेरिंक यांनी पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. स्वभावाने तापट, विद्यार्थ्यांवर खेकसणारा, लग्न न केलेला हा माणूस, पण श्रेयाच्या हिशेबात चोख. वाणिज्य शाखेच्या आमच्यासारख्याला हे विशेष वाटतं.

वय झालं म्हणून 1921 मध्ये त्यांना डेल्फ्ट सोडावं लागलं. 1 जानेवारी 1931 रोजी खोर्सेल गावी ते वारले. डीएनए हेच आनुवंशिकतेचं द्रव्य आहे, हे तेव्हा ठरलेलंही नव्हतं.

दोन पाण्यांची ती गोष्ट साठेक वर्षं तशीच पडून राहिली. 1950 च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे पेर-ओके अल्बर्टसन यांनी जिलेटिनऐवजी पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान घेतलं. वरच्या थरात ग्लायकॉल, खालच्यात डेक्स्ट्रान. पेशींचा काला त्यात टाकून हलवला आणि थर बसू दिले की प्रत्येक पदार्थ आपापला थर निवडतो. मीठ थोडं बदललं तरी डीएनए एका थरातून दुसऱ्यात जातो. ज्या थरात तो जाणार, तो थर मुद्दाम लहान ठेवला की शुद्धही होतो आणि घट्टही. फिनॉल, क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रव्यं लागत नाहीत.

अडचण पैशाची. शुद्ध डेक्स्ट्रान महाग पडतं. म्हणून मोठ्या प्रमाणावर काम असलं की त्याच्या जागी फॉस्फेटसारखे स्वस्त क्षार वापरतात.