नेणारा आणि साथ देणारी : व्हर्नन कॅसल

जोडीने नाचण्याचा पाश्चात्त्य प्रकार म्हटला, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातील क्लबचा प्रसंग उभा राहतो. त्या नाचात शिकण्याजोगे काही शास्त्र असेल, असे मनातही येत नाही. अमेरिकेला हे शास्त्र ज्याने शिकवले, त्या व्हर्नन कॅसलचे चरित्र म्हणूनच मला सांगावेसे वाटते.

व्हर्ननचा जन्म २ मे १८८७ रोजी इंग्लंडमधील नॉर्विच येथे झाला. मूळ आडनाव ब्लाइथ. वडील मद्यगृह चालवीत. मुलाने बर्मिंगहॅमला इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. पण १९०६ मध्ये नटी असलेल्या बहिणीबरोबर तो न्यूयॉर्कला गेला आणि रंगभूमीतच रमला. बहीण घरचेच नाव लावीत असल्यामुळे याने ‘कॅसल’ हे नाव घेतले. उंच, काटकुळा असा हा तरुण लू फील्ड्स यांच्या नाटकांत विनोदी कामे करी. १९११ मध्ये त्याने आयरीन फूट या डॉक्टरच्या मुलीशी लग्न केले.

दोघे पॅरिसला गेले, तेव्हा खिशात फारसे काही नव्हते. १९१२ मध्ये तेथील ‘कॅफे द पारी’मध्ये त्यांनी अमेरिकेतील नव्या चालीचे नाच करून दाखवले आणि रातोरात नाव झाले. त्या वेळी व्हर्नन पावले आयत्या वेळी रचीत असे. आयरीन त्याच्या सदऱ्याच्या बटणावर नजर खिळवून ठेवी आणि ते कोठे झुकते यावरून त्याचे पुढचे पाऊल ओळखी!

या बटणात सारे मर्म आहे. जोडीच्या नाचात बहुतेक वेळ पुरुष पुढे चालतो आणि स्त्री मागे पावले टाकते. तिला वाट दिसत नाही, त्याला दिसते. नेणाऱ्याने हाताने ओढायचे नसते. आधी आपल्या शरीराचा भार सरकवायचा, तो तिला कळू द्यायचा आणि मगच पाऊल टाकायचे. भर गर्दीत तिचा कोणाला धक्का लागला, तर चूक त्याची. साथ देणारीने आपला तोल आपणच सांभाळायचा, भार कोणत्या पायावर आहे ते स्पष्ट ठेवायचे आणि त्याच्या हालचालीला तत्काळ उत्तर द्यायचे. साथ देणे म्हणजे नुसते फरफटत जाणे, असे समजणाऱ्यांनी आपल्याकडची फुगडी आठवावी. तिथे एकीने अंग सैल सोडले, तर दोघी पडतात.

अमेरिकेत परतल्यावर डिसेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला ‘कॅसल हाऊस’ ही त्यांची नृत्यशाळा निघाली. त्या काळी टर्की ट्रॉटसारख्या धसमुसळ्या नाचांवर धर्मोपदेशक तुटून पडत होते. व्हर्ननने खांदे-कंबर हलवणे काढून टाकले आणि साधे, सरळ चालणेच नाचाचा पाया केले. ‘कॅसल वॉक’ म्हणजे तालाच्या प्रत्येक ठोक्याला टाच उचलून टाकलेले एक पाऊल. १९१४ मध्ये दोघांच्या नावाने ‘मॉडर्न डान्सिंग’ हे पुस्तकही निघाले. धनिकांच्या शाळेतली कला अशा रीतीने पुस्तक घेऊ शकणाऱ्या कोणाच्याही घरात आली, हे मला विशेष वाटते.

या यशात जेम्स रीझ यूरोप या कृष्णवर्णीय वादक-संचालकाचा मोठा वाटा होता. गोऱ्या समाजाच्या दिवाणखान्यांत काळ्या वादकांना मान नव्हता, अशा काळात कॅसल दांपत्याने त्याचाच वाद्यवृंद बरोबर ठेवला. फॉक्सट्रॉटची कल्पना मूळ यूरोपची, हे व्हर्ननने मोकळेपणाने सांगितले होते. श्रेय देताना हात आखडता न घेणारी माणसे सर्वच क्षेत्रांत थोडी.

महायुद्ध सुरू होते. कीर्ती शिखरावर असताना व्हर्ननने नाच सोडला आणि १९१६ मध्ये तो ब्रिटिश वायुदलात दाखल झाला. फ्रान्समध्ये त्याने शत्रूची दोन विमाने पाडली, फ्रान्सचे शौर्यपदक मिळवले. नंतर कॅनडात आणि पुढे टेक्सासमध्ये तो नवख्यांना विमान चालवण्यास शिकवू लागला. त्या विमानांत पुढची जागा अपघातात अधिक धोक्याची असे आणि प्रथा अशी, की तेथे शिकाऊ उमेदवाराने बसावे. कॅनडात अशाच एका अपघातात त्याचा विद्यार्थी दगावला. तेव्हापासून व्हर्नन स्वतः पुढे बसू लागला.

१५ फेब्रुवारी १९१८ रोजी टेक्सासमधील बेनब्रुक येथे दुसरे एक विमान अचानक वाटेत आले. टक्कर चुकवण्यासाठी त्याने आपले विमान झटकन वर घेतले. वेग तुटला, विमान कोसळले. मागे बसलेला शिकाऊ उमेदवार वाचला, व्हर्नन गेला. वय अवघे ३० वर्षे.

न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत त्याचे थडगे आहे. आयरीनने पुढे आणखी लग्ने केली आणि १९२८ मध्ये बेवारस जनावरांसाठी आश्रयस्थान काढले. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांनी या जोडप्यावरील चित्रपटात १९३९ मध्ये कामे केली. आयरीन १९६९ मध्ये वारली; तिलाही वुडलॉनलाच व्हर्ननजवळ पुरले आहे.