थॉमस बार्बर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचे नगर आहे. तेथील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राणिसंग्रहालय जगभर विख्यात आहे. या संग्रहालयात जिवंत प्राणी नाहीत. अभ्यासासाठी जतन केलेले पशू, पक्षी, मासे, कीटक, साप आणि बेडूक यांचा तो एक प्रचंड संचय आहे. लुई अगासिझ या स्वित्झर्लंडमधून आलेल्या शास्त्रज्ञांनी १८५९ साली त्याची स्थापना केली.

एकोणिसावे शतक संपत आले असता सुमारे पंधरा वर्षांचा एक मुलगा हे संग्रहालय पाहण्यास आला. त्याचे नाव थॉमस बार्बर. त्याचा जन्म १९ ऑगस्ट १८८४ रोजी एका धनाढ्य कुटुंबात झाला होता. साप, सरडे व कासवे यांचे त्याला बालपणापासून वेड होते. संग्रहालयाची दालने पाहता पाहता आपण एक दिवस याच संस्थेचे संचालक व्हायचे, असा निश्चय त्याने केला. लहान वयातील असे निश्चय बहुधा काही दिवसांत विरून जातात. या मुलाचा निश्चय मात्र टिकून राहिला.

हार्वर्ड येथे शिक्षण घेत असताना बार्बर यांचा सारा ओढा सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांच्या विभागाकडे होता. उभयचर म्हणजे बेडकासारखे पाण्यात व जमिनीवर राहणारे प्राणी. त्या वेळी सॅम्युएल गार्मन नावाचे वृद्ध व एकांतप्रिय संशोधक हा विभाग सांभाळीत असत. फडताळांतून ओळीने काचेच्या बरण्या मांडलेल्या असत व प्रत्येक बरणीत मद्यार्कात बुडवून ठेवलेला एखादा प्राणी असे. प्रथम पाहणाऱ्यास हे दृश्य नीरस वाटावे; पण प्रत्येक नमुन्यासोबत एक लहानशी चिठ्ठी असे. प्राणी कोठे सापडला, केव्हा सापडला, कोणी पकडला, याची तीवर नोंद असे. चिठ्ठी हरवली, तर तो नमुना अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी होतो, हे बार्बर लवकरच शिकले.

१९०६ साली त्यांचा विवाह रोझामंड पिअर्स यांच्याशी झाला आणि त्यानंतर हे दांपत्य पूर्वेकडील देशांच्या दीर्घ प्रवासास निघाले. भारत, ब्रह्मदेश, जावा असा प्रवास करीत ते न्यू गिनीपर्यंत पोहोचले व वाटेत नमुने गोळा करीत राहिले. १९०७ साली तेर्नाते बेटावर एक सुरकुतलेला वृद्ध मलायी माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. आपण अली वॉलेस आहोत, अशी त्याने ओळख करून दिली. थोर निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी अर्धशतकापूर्वी याच बेटांवर पक्षी व कीटक गोळा केले होते. त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडणारा व आजारपणात त्यांची शुश्रूषा करणारा तरुण मदतनीस तो हाच. बार्बर यांनी त्याचे छायाचित्र घेतले आणि मायदेशी परतल्यावर ते वॉलेस यांना पाठविले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या वॉलेस यांनी अलीची कृतज्ञतेने आठवण काढून उत्तर लिहिले. मोठमोठ्या संग्रहांच्या मागे अशा किती अज्ञात माणसांचे कष्ट असतात, हे या भेटीतून दिसून येते.

१९११ साली बार्बर यांना डॉक्टरेट मिळाली व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. ते साडेसहा फुटांच्या जवळपास उंच, धिप्पाड आणि मोठे गप्पिष्ट होते. विभागाचे जुने, एकांडे स्वरूप त्यांच्या काळात पालटू लागले. वडिलोपार्जित संपत्ती त्यांनी चैनीत न उधळता सफरींसाठी व संग्रह विकत घेण्यासाठी खर्च केली. क्यूबा, जमेका, हैती इत्यादी बेटांवरून त्यांनी असंख्य सरडे व बेडूक आणविले. १९१७ साली लिओनार्ड स्टेनेगर यांच्यासह त्यांनी उत्तर अमेरिकेतील उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. १९४३ पर्यंत तिच्या पाच आवृत्त्या निघाल्या. १९२४ साली त्यांनी पूर्व आफ्रिकेत काम केलेल्या आर्थर लव्हरिज यांना विभागात आणले. लव्हरिज यांनी पुढे अनेकदा आफ्रिकेत जाऊन तेथील प्राण्यांची या संग्रहात मोठी भर घातली. १९२७ साली बार्बर संग्रहालयाचे संचालक झाले. बालपणीचा निश्चय सुमारे अठ्ठावीस वर्षांनी पूर्णत्वास गेला.

संचालकपद मिळाले म्हणजे आपले प्रत्येक मत खरे ठरते असे नाही. समुद्रातील बेटांवर बेडूक व सरडे पोहोचले कसे, हा त्या काळी मोठ्या वादाचा प्रश्न होता. बेडकाची त्वचा नाजूक असते. खारे पाणी तिला सोसत नाही. म्हणून ही बेटे पूर्वी जमिनीने जोडलेली असावीत व ती जमीन नंतर समुद्रात बुडाली असावी, असे बार्बर मानीत. त्यांच्याच संग्रहालयातील फिलिप डार्लिंग्टन हे तरुण कीटकशास्त्रज्ञ मात्र निराळे मत मांडीत. तरंगत्या ओंडक्यांवरून, क्वचित चक्रीवादळाच्या वाऱ्याबरोबरही, लहान प्राणी बेटांवर येऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. उंचावरून पडलेला बेडूक जिवंत राहणार नाही, असा बार्बर यांचा आक्षेप होता. तेव्हा डार्लिंग्टन यांनी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून काही जिवंत बेडूक खाली सोडले. बेडूक गवतावर निश्चल पडले. खाली उभ्या असलेल्या बार्बर यांना आपलीच सरशी झाली असे वाटले. परंतु काही वेळाने बेडूक हालचाल करू लागले आणि उड्या मारीत निघाले!

या मतभेदामुळे बार्बर यांनी डार्लिंग्टन यांना दूर लोटले नाही. उलट, बार्बर यांच्याच कारकीर्दीत डार्लिंग्टन यांना भुंगेऱ्यांच्या संग्रहाचे अभिरक्षक नेमण्यात आले. कॅरिबियन बेटांवरील बहुतेक प्राणी समुद्र ओलांडूनच आले असावेत, या मताला पुढील काळात अधिक पाठबळ मिळाले. १९९५ साली चक्रीवादळांनंतर निदान पंधरा हिरवे इग्वाना सरडे ओंडक्यांच्या तराफ्यावरून अँग्विला बेटावर येऊन पोहोचले, तेव्हा तर असा प्रवास घडतो याचा प्रत्यक्ष पुरावाच लोकांना मिळाला.

८ जानेवारी १९४६ रोजी बार्बर यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते संचालक होते. १९५७ साली लव्हरिज निवृत्त झाले आणि अर्नेस्ट विल्यम्स यांनी विभाग हाती घेतला. कॅरिबियन बेटांवरील अनोल नावाच्या सरड्यांचा त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी कसून अभ्यास केला. एकेका बेटावर प्राण्यांच्या जाती कशा बदलत जातात, हे त्यातून अधिक स्पष्ट झाले.

आज या विभागात तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. त्यांच्या नोंदी संगणकावरून जगात कोठेही पाहता येतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्राणी न कापता त्याचा सांगाडा न्याहाळता येतो. संगणकावरील अशा नोंदींची गार्मन किंवा बार्बर यांना कल्पनाही नव्हती. तरीही बरणीतील मद्यार्क उडून जाऊ नये, चिठ्ठीवरील अक्षरे पुसट होऊ नयेत, यासाठी या विभागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या दक्ष राहिली. बुडालेल्या जमिनीविषयीचे बार्बर यांचे मत मागे पडले. परंतु त्यांनी जमविलेले नमुने आपल्या चिठ्ठ्यांसह फडताळात उभे आहेत आणि नव्या अभ्यासकांच्या प्रश्नांना उत्तरे देत आहेत.