फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा आणि आकृती

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव घेतले की हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी सेविका डोळ्यांसमोर उभी राहते. शाळेच्या पुस्तकांनी ही मूर्ती आपल्या मनात पक्की केली आहे, आणि ती खोटीही नाही. परंतु दिव्याइतकेच मोठे काम या बाईंनी कागदावरील एका लहानशा आकृतीकडून करवून घेतले, हे आपल्यापैकी थोड्याच भगिनींना ठाऊक असेल. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त त्यांच्या चरित्राची ती बाजू सांगावी, असे मला वाटले.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका सुखवस्तू इंग्रज कुटुंबात झाला. त्या गावावरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. वडिलांनी त्यांना घरीच उत्तम शिक्षण दिले. गणिताची त्यांना विशेष ओढ होती. रुग्णसेवा हे त्या काळी घरंदाज मुलीचे काम मानले जात नसे. घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षे सोसून १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील कायझर्सव्हर्थ येथे शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली.

पुढे क्रिमियाचे युद्ध पेटले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तेथे घाण, दाटी आणि तुंबलेली गटारे यांचेच राज्य होते. बाईंनी कपडे, अन्न आणि स्वच्छता यांची व्यवस्था लावली, तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. जानेवारी १८५५ या एकाच महिन्यात त्या मोहिमेवरील इंग्रज फौजेत ८३ माणसे जखमांनी दगावली, तर २,७६१ माणसे टाळता येण्याजोग्या रोगांनी! मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या आरोग्य समितीने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, आणि मग मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. जानेवारी १८५६ मध्ये रोगाने ४२ माणसे गेली.

१८५६ मध्ये बाई मायदेशी परतल्या, त्या हे आकडे मनात घेऊनच. शत्रूने मारले त्याहून अधिक सैनिक घाणीने मारले, हे त्यांना राज्यकर्त्यांना पटवायचे होते. पण आकड्यांचे रकाने कोण वाचणार? म्हणून संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी १८५८ मध्ये ती प्रसिद्ध आकृती छापविली.

ही आकृती मला फुलासारखी दिसते. एका मध्यबिंदूभोवती बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळी एका महिन्याची. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. पाकळी जेवढी पसरट, तेवढे मृत्यूंचे प्रमाण अधिक. शेजारी दुसऱ्या वर्षाचे तसेच, पण पुष्कळ लहान फूल. महिना, वर्ष, कारण आणि प्रमाण अशा चार गोष्टी कागदाच्या एका तुकड्यावर बसल्या. पाहणाऱ्याला आधी निळा रंग दिसतो, मग दोन फुलांतील फरक, आणि शेवटी एखादा महिना. सांगायचे होते त्याच क्रमाने डोळा फिरतो.

तरीही डोळा फसतो, हे आपण स्वयंपाकघरात अनुभवतोच. जाडी तीच ठेवून भाकरी दुप्पट रुंद थापली, तर पीठ दुप्पट नव्हे, चौपट लागते. पाहणाऱ्याला मात्र ते तेवढे वाटत नाही. बाईंच्या आधीच्या एका आकृतीत मृत्यूंचे प्रमाण लांबीने दाखविले होते. त्यामुळे मोठे महिने होते त्याहून फार मोठे दिसू लागले. ही चूक ध्यानात येताच त्यांनी दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आणि पुढील आकृतीत क्षेत्रफळाचा हिशेब धरला. त्यात जानेवारी १८५५ च्या निळ्या पाकळीचे क्षेत्रफळ पुढील जानेवारीच्या सुमारे ९० पट भरते. लांबी मात्र जेमतेम साडेनऊ पट. म्हणजे हिशेब खरा झाला, पण डोळ्याला फरक खऱ्याहून कमी वाटू लागला. क्षेत्रफळापेक्षा लांबीची आणि एका पट्टीवरील ठिकाणाची तुलना माणसाला अधिक अचूक जमते, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखविले. दुसरी अडचण अशी की तिन्ही रंग मध्यबिंदूपासूनच मोजायचे असतात. घाईने पाहणारा ते एकावर एक रचलेले समजतो.

मला बाईंचा मोठेपणा वाटतो तो याच ठिकाणी. आपली बाजू अधिक भडक दिसत होती, तरी त्यांनी ती खरी करून मांडली. ज्या महिन्यांत त्या स्वतः स्कुटारीला कारभार पाहत होत्या, ते भयंकर महिनेही त्यांनी झाकले नाहीत. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना पहिल्या स्त्री सभासद म्हणून घेतले. १८६० मध्ये त्यांची परिचारिका शाळा निघाली. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, परंतु येथील लष्करी ठाण्यांकडून त्यांनी माहिती मागविली. १८६३ च्या अहवालाने येथील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ मृत्यू दाखविले, आणि पुढे येथील जनतेच्या आरोग्यासाठीही त्या लिहीत राहिल्या. पुष्कळ वर्षे अंथरुणाला खिळूनच त्यांनी हे काम केले. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या.

आज आपल्या अंगणवाडीत बाळाच्या वाढीचा तक्ता असतो. तोही अशीच एक लहान आकृती: आडवे वय, उभे वजन आणि रंगांचे पट्टे. ठिपका हिरव्यात आहे एवढे पाहून आई निश्चिंत होते, कारण डोळा आधी रंगच टिपतो. पण हिरव्यातही रेघ आडवी पडली, तर बाळाची वाढ थांबली असे समजावे आणि सेविकेला लगेच विचारावे. भगिनींनो, नाइटिंगेलबाईंचा दिवा आपण पुष्कळ पूजिला; आता त्यांची आकृती वाचायलाही शिकू या.